लोखंडापासून दूर

धरमतरच्या खाडीतून लोखंड येते. खोल पाण्यात थांबलेल्या मोठ्या जहाजांवरून खनिज आणि कोळसा बार्जमध्ये उतरतो, भरती धरून बार्ज आत शिरतात आणि डोलवीच्या पोलाद कारखान्यापाशी रिकाम्या होतात. वडखळहून डोलवीवरून आलेला रस्ता खाडीवरचा पूल ओलांडून पोयनाडमार्गे अलिबागला जातो. त्या रस्त्याच्या शेवटी, समुद्राजवळ, एक आवार आहे. तिथे लोखंडाला मज्जाव आहे.

ती अलिबागची चुंबकीय वेधशाळा. १९०४ पासून ती पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवते आहे. सह्याद्रीचा काळा पाषाणसुद्धा तिला चालला नाही, कारण त्यात चुंबकीय खनिजाचे कण असतात. तिची मापनगृहे बांधायला पोरबंदरचा दगड आणला. अशा घराला खिळा, कडी, बिजागरी तांब्यापितळेची लागते. आत जाणाऱ्याने किल्ल्या, चाकू, घड्याळ बाहेर ठेवायचे असते.

मोजणाऱ्याने आधी स्वतःचे खिसे रिकामे करायचे. ज्ञानाची पहिली अट इतकी साधी आहे, आणि इतकी अवघड.

*

तिथे मोजतात काय? पृथ्वीचे चुंबकत्व, हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धे.

पृथ्वीच्या पोटात उपजणारे चुंबकत्व सावकाश बदलते. त्याला वर्षे लागतात. टांगलेला चुंबक एखाद्या दिवसात, एखाद्या तासात, कधी मिनिटभरात जो हलतो, त्याला हलवणारे कारण वर असते. बहुतेक वेळा ते सूर्यावर असते.

खाडीकाठच्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये. तो तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतो. उधाण केव्हा, भांग केव्हा, हे त्याला पाण्याकडे न पाहता सांगता येते. आकाशातला गोळा इथला चिखल हलवतो हे त्याच्या रोजच्या पोटापाण्याचे ज्ञान आहे.

तशी हवेलाही भरती असते. जमिनीपासून शंभरेक किलोमीटर वर हवा विरळ आहे. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण तिथल्या अणूंचे इलेक्ट्रॉन तोडतात आणि ती हवा वीज वाहून नेण्याजोगी होते. दिवसा ऊन तिला तापवते, ती सरकते, तिच्यातून प्रवाह वाहतात, आणि खाली अलिबागला चुंबक हलतो, काही दशक नॅनोटेस्लांनी; नॅनोटेस्ला हे चुंबकत्वाचे बारीक माप. रात्री तो शांत होतो. उद्या पुन्हा. चंद्राचाही यात वाटा आहे, पण तो इतका लहान की त्याला सूर्याच्या वाट्यातून वेगळे काढायला वर्षानुवर्षांच्या नोंदी हाताशी असाव्या लागतात.

लहान गोष्ट दिसायला दीर्घकाळ पाहावे लागते. याला दुसरी वाट नाही.

*

पेणच्या मिठागरांवरचा सूर्य फार विश्वासू आहे. अकरा वर्षांच्या चक्रात त्याचे डाग वाढतात, कमी होतात. पण त्याच्या एकूण प्रकाशात आणि उष्णतेत हजारात सुमारे एका भागाचाच फरक पडतो. मीठ पिकवणाऱ्याला अवकाळी पाऊस बुडवील, खार बांध फुटून बुडवील. सूर्य बुडवणार नाही.

हाच सूर्य क्ष-किरणांत पाहा. तिथे तो वेगळाच आहे. त्याच अकरा वर्षांत त्याचे क्ष-किरण दसपट, शतपट वरखाली होतात, आणि एखादी मोठी सौरज्वाला उठली की काही मिनिटांत भडकतात. मिठागरावर ऊन तेवढेच असते. कुणाच्या लक्षातही येत नाही.

हा चंचल सूर्य धरमतरपर्यंत पोचत नाही, कारण वातावरण त्याचे क्ष-किरण आणि बरेचसे अतिनील किरण वरच्या वर अडवते. म्हणून खाडीत मासळी आहे, काठावर भात आहे, आपण आहोत. आणि म्हणूनच सूर्य आपल्याला पुरता माहीत नव्हता. जे आपल्याला जपते तेच आपल्यापासून काही झाकून ठेवते. जपणाऱ्याचा तो दोष नव्हे. पाहायचे असेल तर आपल्यालाच त्या छायेबाहेर जावे लागते.

*

कुलाबा, मुंबई. अलिबागच्या आधी तिथल्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकत्वाची निरीक्षणे होत होती. अलिबागजवळच्या नागावचा एक मुलगा, केरो लक्ष्मण छत्रे, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून लागला. वेधशाळा सांभाळणाऱ्या ऑर्लेबार साहेबांच्या हाताखाली त्याने निरीक्षणाची शिस्त उचलली. पुढे पुण्यात टिळकांसारखे विद्यार्थी ज्यांच्यासमोर बसले ते केरूनाना हेच. त्यांची विद्वत्ता सगळे सांगतात. मला त्यांची ती पहिली नोकरी मोठी वाटते: ठरल्या घटकेला उठायचे, दुर्बिणीतून मोजपट्टी वाचायची, आकडा लिहायचा, आणि त्या आकड्याचा अर्थ काय हे माहीत नसताना पुढच्या आकड्याची वाट पाहायची.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचे चित्र काढत होता. एका मोठ्या डागसमूहावर अचानक पांढरा लखलखाट झाला आणि काही मिनिटांत विझला. रिचर्ड हॉजसन यानेही दुसरीकडून तो पाहिला. साडेसतरा तासांनी पृथ्वीचे चुंबकत्व ढवळून निघाले. तारयंत्रे बंद पडली, काही ठिकाणी तारांतून ठिणग्या उडाल्या, ध्रुवीय प्रकाश क्यूबापर्यंत दिसला.

लंडनजवळच्या क्यूमध्ये छायाचित्राच्या कागदावर आपोआप नोंद होत होती. हेलकावा इतका मोठा की रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्यात यंत्रापाशी माणूस होता. २ सप्टेंबरच्या सकाळी तो वाचत राहिला आणि लिहीत राहिला. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेला आणि परत वर आला. कमी अक्षांशांच्या प्रदेशातली त्या वादळाची सलग म्हणावी अशी नोंद ती हीच.

त्या आकड्यांना १४४ वर्षे वाट पाहावी लागली. २००३ साली त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि अॅलेक्स या शास्त्रज्ञांनी त्यांवर निबंध लिहिला. यातले शेवटचे दोघे आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. आज जगात कुठेही सौरवादळाचा विचार करताना, सर्वांत वाईट काय होऊ शकते या प्रश्नाचे उत्तर शोधणारा माणूस कुलाब्याच्या त्या तक्त्याशी येतो.

नोंद करणाऱ्याला उपयोग विचारू नये. तो त्याच्या हयातीत येईलच असे नाही.

*

मग मुंबईत विजेची ट्राम येणार हे ठरले. ट्रामचा प्रवाह रुळांवाटे परततो, वाटेत थोडा जमिनीत उतरतो, आणि चुंबकाला तो सूर्याइतकाच खरा वाटतो. चुंबक भेद करत नाही. कुलाब्याचे संचालक नानाभॉय फ्रामजी मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय, यांना दोन वाटा होत्या. ट्रामशी भांडावे, किंवा आपण उठावे. ते उठले. खाडी ओलांडून दक्षिणेला, मुंबईपासून तीसेक किलोमीटरवर त्यांनी अलिबाग निवडले. ट्राम धावू लागली १९०७ मध्ये. चुंबक त्याआधीच इकडे आले होते.

पण ते एकदम आले नाहीत, आणि माझ्या मते मूस यांचे थोरपण इथे आहे. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंद चालली. दोन्हींतला फरक नेमका कळला, आणि जुन्या आकड्यांना नवे आकडे सांधा न दिसता जोडता आले. म्हणून कुलाबा-अलिबागची मालिका जगातल्या अतिदीर्घ मालिकांत मोजली जाते. १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. चुंबकीय वादळ कसे उठते, किती वेळात खाली जाते, किती दिवसांनी सावरते, हे त्यात या किनाऱ्यावरच्या आकड्यांनी सांगितले आहे.

जागा सोडणारे पुष्कळ. सोडताना धागा न तोडणारे थोडे.

*

सूर्याचा लखलखाट इथपर्यंत येतो कसा, हे कळायला सूर्याचे वरचे वातावरण पाहायला हवे होते. त्याला किरीट म्हणतात. सूर्यबिंबाच्या उजेडापुढे त्याचा उजेड दहा लाखांत एक. पूर्वी तो दिसायचा फक्त खग्रास ग्रहणात.

२२ जानेवारी १८९८ ला तशी सावली महाराष्ट्रावरून गेली. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर तंबू ठोकून बसला होता, ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी मदतीला घेऊन. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे घेऊन करमाळ्याकडच्या जेऊरला गेले होते. महिनोन्‌महिन्यांची तयारी, आणि किरीट दिसणार दोनेक मिनिटे. ढग आला असता तर तेही नाही.

किरीटाच्या प्रकाशात एक हिरवी रेषा असते. १८६९ च्या ग्रहणापासून ती माहीत होती, पण पृथ्वीवरच्या कोणत्याही पदार्थाशी तिची ओळख पटत नव्हती. तेव्हा एक नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले, कोरोनियम. विजयदुर्गावर आणि जेऊरला आलेल्यांनाही ती रेषा कुणाची ते ठाऊक नव्हते. उत्तर १९४० च्या आगेमागे ग्रोट्रियन आणि एडलेन यांनी दिले.

ती रेषा लोखंडाची आहे.

तेच लोखंड, जे बार्जमधून धरमतरला उतरते. फरक एवढाच की तिथल्या अणूचे सव्वीसपैकी तेरा इलेक्ट्रॉन गळून गेलेले आहेत. इतके इलेक्ट्रॉन गळायला दहा-वीस लाख अंश तापमान लागते. सूर्याचा पृष्ठभाग आहे साडेपाच हजार अंशांचा, आणि त्याच्या वरचे विरळ वातावरण त्याच्या शेकडोपट तापलेले. चुलीपासून दूर जावे तशी धग वाढत जावी, असा हा प्रकार. ऐंशीहून अधिक वर्षे झाली, याचा पुरता उलगडा झालेला नाही. चुंबकत्व हेच कारण, यावर जवळजवळ सगळ्यांचे एकमत आहे. कसे, यावर नाही. एक पक्ष म्हणतो, चुंबकीय रेषांवरून लाटा वर जातात आणि ऊर्जा तिथे टाकतात. दुसरा म्हणतो, रेषा पिळवटतात, तुटतात, पुन्हा जुळतात, आणि असंख्य बारीक स्फोटांनी किरीट तापतो. दोघांचेही थोडे थोडे खरे असेल असे वाटते. पण वाटणे म्हणजे मोजणे नव्हे.

जे अलिबागला दाराबाहेर ठेवायचे, त्यानेच सूर्याचा ताप सांगितला. कोणतीच वस्तू मुळात अडथळा नसते. ती कुठे आहे, यावर ते ठरते.

*

सूर्यावरचे चुंबकत्व १९०८ साली जॉर्ज एलरी हेल याने प्रथम मोजले. चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या रेषा दुभंगतात हे झीमनने दाखवून दिले होते. डागांतल्या रेषा दुभंगलेल्या निघाल्या. मोठ्या डागातले क्षेत्र पृथ्वीवरच्या क्षेत्राच्या हजारोपट. दर अकरा वर्षांनी सूर्याचे ध्रुव उलटतात, बावीस वर्षांनी फेरा पुरा होतो.

पृष्ठभागावर हे सोपे. वर किरीटात क्षेत्र अशक्त, उजेड अंधुक, रेषा उष्णतेने पसरट. स्फोट घडतात तिथेच, आणि मापन अवघडही तिथेच. तिथले चुंबकत्व अजून नीट हाती आलेले नाही. म्हणून यंत्रे वातावरणाबाहेर न्यावी लागली. १९७३ मध्ये स्कायलॅब, १९९५ मध्ये सोहो, पुढे हिनोदे, एसडीओ. पार्कर यान तर २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्यापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेले.

आपले आदित्य-एल१ हे यान श्रीहरिकोट्याहून निघाले ते २ सप्टेंबर २०२३ ला. कुलाब्याच्या त्या सकाळीला त्या दिवशी १६४ वर्षे होत होती. ६ जानेवारी २०२४ ला ते पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला १५ लाख किलोमीटरवर, एल१ नावाच्या बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचले. तिथे रात्र नाही, ग्रहण नाही, ऋतू नाही.

ते सूर्याजवळ गेले असे आपण म्हणतो. १५ कोटी किलोमीटरांपैकी १५ लाख, शंभरातला एक भाग. ते खरे तर पृथ्वीपासून दूर गेले आहे. कधीकधी जवळ जाण्यापेक्षा आपल्या गोंगाटातून उठणे पुरेसे असते.

यानावर सात उपकरणे आहेत. पुण्याच्या आयुकाने दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली बनवलेली सूट ही दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात, अकरा गाळण्यांतून, सूर्याचा पृष्ठभाग आणि त्याच्या लगेच वरचा थर पाहते. यातला मोठा भाग ओझोनमुळे जमिनीवर येतच नाही. २२ फेब्रुवारी २०२४ च्या प्रचंड ज्वालेची चित्रे तिने या प्रकाशात टिपली. बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेचा किरीटदर्शक बिंब झाकून कृत्रिम ग्रहण घडवतो आणि लोखंडाच्या रेषा वाचतो, त्या हिरव्या रेषेसकट. जेऊरला दोन मिनिटे मिळाली होती. इथे ग्रहण संपत नाही.

आणि एक चुंबकमापक. त्याच्यापाशी मला थांबावेसे वाटते.

यान म्हणजे तारा, मोटारी, वीज. त्याचे स्वतःचे चुंबकत्व असतेच. सूर्यापासून वाहणाऱ्या सौरवाऱ्यातले चुंबकत्व काही नॅनोटेस्लांचे, यानाच्या गोंगाटात ते बुडून जाईल. म्हणून यानाला सहा मीटर लांबीचा एक हात दिला आहे. ११ जानेवारी २०२४ ला तो उघडला. मापक आहेत दोन: एक टोकाला, यानापासून सहा मीटरवर, दुसरा मध्ये, तीन मीटरवर. दोघांच्या वाचनातला फरक यानाचा स्वतःचा आवाज किती ते सांगतो. तो वजा केला की उरते ते सूर्याकडून आलेले.

मूस यांनी नेमके हेच केले होते. दूर जाणे, आणि दोन ठिकाणी एकाच वेळी मोजणे. आजही चुंबकीय विषुववृत्तावरच्या हवेतला वीजप्रवाह किती हे काढताना तिरुनेलवेलीच्या वाचनातून अलिबागचे वाचन वजा करतात.

आपला आवाज आपल्याला एका जागी बसून ऐकू येत नाही. दुसरी जागा लागते, आणि दोन्हींतला फरक मान्य करायची तयारी.

*

हे सगळे निव्वळ कुतूहलाचे नाही. १३ मार्च १९८९ ला सौरवादळाने कॅनडातल्या क्वेबेकचे वीजजाळे कोसळवले. साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. सूर्यावरून सुटलेला चुंबकित वायूचा लोट इथे यायला बहुधा एक ते चार दिवस घेतो, पण तो किती घात करील हे त्यातल्या चुंबकत्वाच्या दिशेवर ठरते. दिशा दक्षिणेकडे असली तर ते पृथ्वीच्या रेषांशी जुळते आणि दार उघडते. उत्तरेकडे असली तर बहुतेक निसटून जाते. ही दिशा आधी कळण्याची खात्रीची जागा आज तरी एल१ हीच, आणि ती कळल्यावर हाताशी उरतो अर्ध्या ते एक तासाचा अवधी. वीजकेंद्र सावध व्हायला, उपग्रह सांभाळायला तेवढा पुरतो. तासाभराच्या सूचनेसाठी १५ लाख किलोमीटर जाणे मला महाग वाटत नाही. उधाणाची वेळ आधी कळावी म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या चंद्र पाहत आलोच की.

१० आणि ११ मे २०२४ ला गेल्या दोन दशकांतले सर्वांत मोठे वादळ आले. चुंबकीय वादळाचा जागतिक निर्देशांक सुमारे ४०० नॅनोटेस्लांनी खाली गेला. लडाखमधल्या हानले इथे आकाश तांबडे झालेले कॅमेऱ्यांत आले. आदित्यवरच्या उपकरणांनी ते वाटेतच मोजले, आणि इकडे अलिबागनेही मोजले. १८५९ च्या सकाळी कुलाब्याने जे पाहिले त्याच्या चौथाईएवढे ते होते. पुन्हा तसे येणार नाही असे कुणी म्हणू शकत नाही.

अलिबागभोवती आता वस्ती वाढते आहे, हॉटेले वाढत आहेत, रस्ते रुंद होत आहेत. ते थांबावे असे मी म्हणत नाही. माणसांना घरे आणि रोजगार हवेत, डोलवीचे लोखंडही हवे. पण जिल्ह्याचा नकाशा आखणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की मुंबईतून उठून ही वेधशाळा इथे आली, आणि इथून उठवली तर मूस यांच्यासारखी दोन वर्षे दोन्हीकडे मोजायची सवड तिला द्यावी लागेल. त्यापेक्षा तिच्याभोवतीची शांतता राखणे स्वस्त आहे.

आणि पेण, रोहा, अलिबागच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. आदित्यची निरीक्षणे इस्रोने जानेवारी २०२५ पासून सर्वांसाठी खुली करायला सुरुवात केली आहे. अलिबागचे आकडे भूचुंबकत्व संस्थेच्या मुंबईच्या डेटा केंद्रात आहेत. मे २०२४ चे ते दोन दिवस काढा. आदित्यचा रकाना आणि अलिबागचा रकाना शेजारी मांडा, आणि तिकडे वादळ लागल्यावर इकडे चुंबक किती मिनिटांनी हलला ते स्वतः मोजा. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक संगणक आणि एक शांत दुपार पुरेल.